दातांवरून गोत्र

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा सौदा ठरताना पैशांची गोष्ट मागाहून निघते, आधी घोड्याचं तोंड उघडतं. बैलाचंही तसंच. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला ही बाराखडी येत नसेल त्याने खानदेशातल्या बैलबाजारात पाय ठेवू नये. शिंगांना रंग लावता येतो, अंगाला तेल लावता येतं, पण दात खोटं बोलत नाहीत, असा आमच्याकडचा ठाम विश्वास. तो गाठोड्यात बांधूनच आमची माणसं भुसावळ-सुरत गाडीत बसली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा इथे पांगली. थोडी आणखी पुढे सरकून सचिनला आली. मी त्यांतला.

तर यंदाच्या पावसात आमच्या सोसायटीच्या भिंतीशी पडलेल्या एका फांदीला दात आले.

फांदी उन्हाळ्यातल्या वादळात मोडलेली. आज उचलू, उद्या उचलू करत सगळ्यांनी ती तिथेच राहू दिली. पावसाने साल सुटली आणि खालच्या अंगाला वीतभर लांबीचा दुधाळ पांढरा थर पसरला. कडेला तो थर जरासा दुमडून पुढे आलेला, वरून बारीक लव असलेला. सुरतेत ज्याचं आयुष्य कापडात गेलं त्याच्या खिशात पिक ग्लास असतोच, ताण्या-बाण्याचे धागे मोजायचं ते घडीचं भिंग. मी ते थरावर टेकवलं. अगदी कडेला, जिथे वाढ ताजी होती, तिथे दात नव्हतेच. तिथे कोनदार बारीक छिद्रं होती, एका मिलिमीटरला दोन-तीन. थोडं आत सरकलं की छिद्रांच्या भिंती फाटायला लागलेल्या. आणखी आत फक्त चपटे, तिरके, एकमेकांवर रेललेले दात. बोटाने घासून पाहिले, एकही पडला नाही. चामड्यासारखे चिवट.

उकिडव्या बसलेल्या म्हाताऱ्याभोवती सुरतेत गर्दी जमायला वेळ लागत नाही. शेजारच्या भाभी वरूनच म्हणाल्या, “काका, ए तो बिलाडीनो टोप छे.” आमच्या सौभाग्यवतींनी गॅलरीतून निकाल दिला, “अहो, कुत्र्याची छत्री आहे ती. हात धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही.” लूमवर काम करणारा गंजामचा एक पोरगा ड्यूटीवरून येत होता. तो खाली बसला, फांदी उलटी केली, नखाने एक कण काढून दोन बोटांत चुरगळला आणि म्हणाला, “ये खानेवाला छतु नहीं है, दादा.” त्याच्या शास्त्रात खायचं आणि न खायचं असे दोनच वर्ग असावेत. पण फांदी उलटून पाहणारा जमलेल्या मंडळींत तो एकटाच होता.

उलटून पाहणं ही काही लहान गोष्ट नाही. स्वीडनच्या एलियास फ्रीसने १८२१ साली अळंब्यांची जी मोठी मांडणी सुरू केली तिचा पायाच तो आहे. अळंबी उलटी करा. खाली पाती दिसली तर एक घर, छिद्रं दिसली तर दुसरं, गुळगुळीत असेल तर तिसरं, आणि दात दिसले तर हिडनम. हे हिडनम नाव लिनियसने १७५३ मध्येच वापरून ठेवलं होतं. फ्रीसने त्या घरात जगभरचे दातवाले आणून बसवले. जमिनीवर देठावर उभे राहणारे, झाडाच्या खोडावरून लोंबणारे, लाकडाला चिकटून पसरणारे, सगळे एका पंगतीत. आमच्या बैलबाजाराचीच रीत: तोंड उघडा, दात बघा, नाव लिहा. सोय इतकी की पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ लोकांनी ती सोडली नाही.

गडबड अशी की बैलाला दात वयाने येतात, अळंबीला गरजेने. तिचं सारं लक्ष बीजाणू तयार करण्यावर. ते तयार होतात खालच्या पृष्ठभागावर, आणि जागा तर बेताचीच. मग तेवढ्याच जागेत पृष्ठभाग वाढवायचा कसा? कुणी पाती काढली, कुणी नळ्या पाडल्या, कुणी दात काढले. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या कुळांनी ही युक्ती आपापली, वेगवेगळ्या काळी शोधली. फ्रान्सच्या पातुयार्ने १९०० साली सूक्ष्मदर्शकाच्या आधाराने ही पंगत उठवायला सुरुवात केली आणि डीएनएने पत्रावळीसुद्धा उचलल्या.

मग जी नाती बाहेर पडली ती एखाद्या मालिकेत शोभतील. मूळ हिडनम, म्हणजे युरोपच्या रानात उगवणारं, फिकट सायीच्या रंगाचं, देठाचं आणि खायला चांगलं, ते निघालं शांतरेल नावाच्या पिवळ्या अळंबीचं जवळचं, जिच्या खाली नुसत्या सुरकुत्या असतात. झाडावरून पांढऱ्या झुपक्यासारखं लोंबणारं हेरिसियम निघालं रसुलाच्या कुळातलं, आणि रसुलाला तर पाती! हेच ते हेरिसियम, ज्याची ‘लायन्स मेन’ नावाची भुकटी आमचा पुतण्या मला स्मरणशक्तीसाठी घ्यायला सांगतो आणि सांगितल्याचं विसरून पुन्हा सांगतो. आणखी एक, पारदर्शक जेलीसारखं, दात असलेलं, ते तर चायनीज सूपमध्ये दाताखाली कुरकुरतो त्या काळ्या कानाच्या बुरशीचा भाऊबंद. दात मात्र सगळ्यांना. एका लग्नात दहा माणसांनी सारखेच फेटे बांधले म्हणून मुलीकडच्यांनी त्यांना सख्खे भाऊ समजावं, तसं झालं होतं.

हे वाचल्यावर आमच्या मंडळातल्या एका उत्साही गृहस्थांनी ठरवलं की आपण डांगमध्ये जाऊन खरं हिडनम शोधायचं. आहवा, वघई म्हणजे इथून काही विलायत नाही, आणि तिथली बोली ऐकली की आमच्या माणसाला अर्धं घरी आल्यासारखं वाटतं. मी त्यांना थांबवलं. हिडनम जमिनीवर उगवतं ते झाडाच्या मुळांशी देवाणघेवाण करून. ते देणार पाणी आणि क्षार, झाड देणार साखर. पण हा व्यवहार ते ओक, बीच, पाइन अशांशी करतं. हिमालयात ती झाडं आहेत, तिथे हिडनमही आहे. डांगचं रान सागाचं, आणि सागाच्या मुळांत भागीदारी असते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या दुसऱ्याच बुरशांची, ज्या आयुष्यात कधी छत्री उघडत नाहीत. सागाच्या रानात जाऊन हिडनम शोधणं म्हणजे निव्वळ सहल. ते म्हणाले, मग सहलच काढू. ती निघाली, त्यात नागलीच्या भाकरीखेरीज काही सापडलं नाही, आणि कुणाची तक्रारही नव्हती.

आमच्या फांदीवरचे दात मात्र मेलेल्या लाकडावरचे. कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्यांनी त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दोन प्रकारचे तंतू दिसले, एक नाजूक, एक जाड भिंतीचा. नाजूक तंतूंच्या गाठींवर कडी नव्हती. मधूनमधून जाड, टोकाला स्फटिकांचा मुलामा चढलेल्या पेशी डोकावत होत्या. आयोडीनचं द्रावण टाकलं तर बीजाणू निळे-काळे झाले नाहीत, म्हणजे हेरिसियमचं नाव खोडलं. पिवळा रंग नव्हता, म्हणजे उष्ण प्रदेशात जागोजाग दिसणारं फ्लॅव्होडॉनही नव्हे, जे एकेकाळी इर्पेक्सच्या घरात राहायचं. ते म्हणाले, “बहुधा इर्पेक्स लॅक्टिअस.” शास्त्रज्ञांच्या तोंडचा ‘बहुधा’ ऐकायला मला आवडतो. आमच्या नातेवाइकांच्या बोलण्यात तो नसतो.

या इर्पेक्सचा इतिहास आम्हा सुरतकर मराठी लोकांना जवळचा वाटावा असा आहे. १८१८ मध्ये फ्रीसनेच त्याला सिस्टोट्रेमा म्हटलं. १८२१ मध्ये त्यानेच ते हिडनममध्ये नेलं. १८२८ मध्ये तिथूनही उठवून इर्पेक्स असं स्वतंत्र घर दिलं. दहा वर्षांत तीन बिऱ्हाडं, आणि घरमालक एकच. आम्हाला इथे मराठी म्हणतात, जळगावला उतरलो की ‘सुरतवाले आले’ होतं, आणि पुण्यात एका बाईंनी तर मला विचारलं होतं की तुम्ही इतकं छान मराठी कुठे शिकलात. इर्पेक्स म्हणजे रोमन शेतकऱ्याचं दातेरी औत, आपलं दंताळं जवळचं. आणि लॅक्टिअस म्हणजे दुधाळ. म्हणजे हे दुधाचेच दात. दुधाचे दात कायमचे नसतात हे कोणतीही आई सांगेल, आणि डीएनएनेही तेच सांगितलं: हे कूळ छिद्रवाल्यांचं, पॉलिपोरांचं. दात म्हणजे फाटलेली छिद्रं. पिक ग्लासला ते कडेलाच दिसलं होतं, पण त्याची साक्ष कोण काढतो?

एक गोष्ट मात्र मला सचिनच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते. आमच्या जीआयडीसीत डाइंग-प्रिंटिंगच्या मिल्स आहेत, आणि रंगाचं पाणी स्वच्छ करणं ही त्या धंद्याची जन्माची डोकेदुखी. कापडाचा रंग पाण्याने, साबणाने, उन्हाने जाऊ नये म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी जिवाचं रान केलेलं, मग तो सांडपाण्यातून तरी सहज कसा जाईल? ही पांढरी बुरशी लाकडातलं लिग्निन खाते. लिग्निनचा रेणू इतका वेडावाकडा की त्याला नेमकी किल्ली बसतच नाही. म्हणून हिची विकरं कुलूप न बघता दारच फोडतात. त्या झपाट्यात रंगांचे रेणूही सापडतात. प्रयोगशाळेतल्या चंबूत इर्पेक्स लॅक्टिअसने निळा रेमझोलही फिका केला आहे आणि अझो जातीचे रंगही. चंबूत, हे लक्षात ठेवा. मिलचं पाणी गरम, खारट, अल्कलीने भरलेलं, शिवाय त्यात जिवाणूंची आधीच वस्ती, तिथे ही बाई कितपत टिकेल हा वेगळा प्रश्न. तरी रंगाच्या गावात, भिंतीला टेकून, फुकटात बसलेली रंग खाणारी बुरशी बघून मला हसू आलं. मिलमधल्या एका जुन्या मास्टरना सांगितलं तर ते म्हणाले, “तिला पगार किती?”

पक्कं नाव हवं तर नमुना जपायला हवा, असं स्नेही म्हणाले. २०१२ पासून बुरशीची ओळख पटवायला डीएनएचा आयटीएस नावाचा तुकडा अधिकृतपणे वापरतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि आजरेकरांच्या नावाचं बुरशींचं हर्बेरियमही. प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं नाही, कुजतं. सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवायचं आणि पुडीवर चिठ्ठी लावायची. वाळवण्याच्या जागेवरून घरात दोन दिवस वाटाघाटी झाल्या. शेवटी जुन्या कुलरचं झाकण मिळालं, गच्चीच्या जिन्यात, लोणच्याच्या बरण्यांपासून सुरक्षित अंतरावर.

मग चिठ्ठी. ठिकाण: सचिन. पुण्यातला माणूस हे संग्राहकाचं नाव समजेल, म्हणून ‘रेल्वे स्टेशन, जिल्हा सुरत’ जोडलं. त्या स्टेशनच्या पाटीचं कौतुक २०२३ मध्ये खुद्द सुनील गावसकरांनी केलंय. पण क्रिकेटमधल्या सचिनच्या कितीतरी आधी हे संस्थान होतं, आणि तेही कोणत्या वर्गात घालावं याचा पेच पडावा असं. आफ्रिकी वंशाचे सिद्दी, गादी जंजिऱ्याची, तिच्यावरचा हक्क १७९१ मध्ये पेशव्यांशी करार करून सोडला आणि बदल्यात मिळाला सुरतेजवळचा हा मुलूख. त्याचं झालं सचिन संस्थान. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं, १९६० मध्ये गुजरातेत आलं. इर्पेक्सने दहा वर्षांत उरकलं त्याला आमच्या गावाला जरा जास्त वेळ लागला, इतकंच.

तारीख लिहिली, गोळा करणाराचं नाव लिहिलं. पुढचा रकाना: कोणत्या झाडावर?

इथे गाडी अडली. फांदीची साल गळलेली, पान एकही नाही. वॉचमन म्हणाला शिरीष. भाभी म्हणाल्या गुलमोहर, कारण त्यांच्या खिडकीतून गेल्या वर्षीपर्यंत लाल फुलं दिसायची. सौभाग्यवतींच्या मते ती या सोसायटीतली फांदीच नव्हे, शेजारच्यांनी रात्री आमच्या हद्दीत ढकललेली आहे. सेक्रेटरींनी हा मुद्दा मीटिंगमध्ये घ्यायचं कबूल केलं आहे. गंजामच्या पोराला विचारायचं राहिलं, तो गावाला गेलाय. तो आला की लाकडाचा तुकडा त्याच्या हातात द्यायचा विचार आहे.