उठून गेलेल्याचा रुमाल

बेबाकी दाखला मागायला पतसंस्थेत गेलो, तर काउंटरवरची चारही माणसं हाताची घडी घालून बसलेली. "फाइल लॉक झालीय," बाई म्हणाल्या. कोणी केली, हे विचारल्यावर त्यांनी अध्यक्षांच्या केबिनकडे नुसती मान वळवली. केबिनला कुलूप.

झालं होतं असं की सकाळी लाइट गेली. सर्व्हरला यूपीएस आहे, काउंटरला आहे. केबिनमधल्या यूपीएसची बॅटरी मात्र दिवाळीपासून मंजुरीच्या प्रतीक्षेत. साहेबांचा कॉम्प्युटर जागच्या जागी गतप्राण झाला आणि साहेब भाच्याच्या लग्नाला निघून गेले. सर्व्हरच्या लेखी मात्र ते अजून कर्जखातं उघडून बसलेलेच.

संस्थेचा सगळा कारभार ॲक्सेसच्या एका सामायिक फाइलवर चालतो. १९९२ साली आलेलं हे सॉफ्टवेअर कागदोपत्री एका वेळी २५५ जणांना सांभाळतं. आमच्याकडे सातव्यालाच धाप लागते. कोणी फाइल उघडली की शेजारी त्याच नावाची एक चिमुकली फाइल जन्मते. तिचं शेपूट पूर्वी एलडीबी असायचं, २००७च्या आवृत्तीपासून एलएसीसीडीबी. एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमालच तो. शेवटचा माणूस उठला की रुमाल आपोआप नाहीसा व्हायचा, असा करार. पण माणूस न सांगता गेला, तर रुमाल तिथंच.

कॉम्प्युटरवाल्या पोराने त्या फाइलची कॉपी काढून नोटपॅडमध्ये उघडली. माणशी ६४ बाइट: निम्मे मशीनच्या नावाला, निम्मे वापरणाऱ्याच्या. दुसऱ्या रकान्यात सगळीकडे 'ॲडमिन'. संस्थेत शिपाई एक आणि ॲडमिन सात! यादीत 'वसुली-२'ही होतं. ते मशीन दोन वर्षांपूर्वी भंगारात गेलंय. उठून गेलेल्याचं नाव तिथून लगेच पुसलं जात नाही, असं पोरगं सांगत होतं. मतदार याद्या पाहिलेल्या आम्हा सभासदांना त्यात काही नवल वाटलं नाही.

पण दोन वर्षं? त्याचंही कारण निघालं. मागे कोणीतरी एक नोंद उडवली म्हणून सभेने ठराव केला होता की सर्व्हरवरच्या फोल्डरमधून कोणालाही काहीही डिलीट करता येऊ नये. ठरावाची अंमलबजावणी झाली, हेच मुळात आश्चर्य. तेव्हापासून रुमाल उचलायचा अधिकारच वापरणाऱ्यांपैकी कोणाला उरला नाही.

"सर्व्हरवर उघड्या फाइलींची यादी असते. त्यातून साहेबांची जोडणी बंद करतो," पोरगं म्हणालं.

"साहेबांना बाहेर काढणार?" मॅनेजर दचकले. "लेखी आणा."

फोन लावला. मागे सनई. "नाव काढायचं म्हणजे कुठून?" साहेबांचा आवाज स्पीकरवर. "निवडणूक तोंडावर आलीय आणि माझं नाव काढता?"

पाऊण तास समजूत काढण्यात गेला. नाव सभासद यादीतून जाणार नाही, हे मॅनेजरांनी तीनदा सांगितलं. काम तसं दोन क्लिकचं होतं. आधी सगळ्यांना बाहेर पडायला लावलं, साहेबांची जोडणी तोडली, मग रुमाल उडवला. कोणी खरंच आत असतं, तर विंडोजने तो उडवूच दिला नसता. एवढी अक्कल त्याला आहे. मग मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवून पोराने कॉम्पॅक्ट अँड रिपेअर लावलं. अर्धवट लिहिलेलं तपासून नीट करण्याचा हा सोपस्कार. त्या वेळात मात्र फाइल एकट्याच्याच ताब्यात हवी, दुसरं कोणी चालत नाही.

निळी पट्टी सरकत होती. इतक्यात साहेब लग्नाहून परतले. फेटा तसाच. केबिनचं कुलूप निघालं, दार लागलं, आणि दोन मिनिटांत बेल वाजली.

शिपाई आत जाऊन आला. "साहेब विचारतात, फाइल कोण उघडून बसलंय?"