ब्युरेटचा नळ

बीएस्सीची प्रॅक्टिकल परीक्षा. गोंदियाचा मार्च, बाहेरून आलेले परीक्षक आणि माझ्या ब्युरेटचा नळ गळका. तीन रीडिंग, तिन्ही वेगळी. मी रडकुंडीला आलो तसे प्रयोगशाळेतले सहायक, आमचे भाऊ, जवळ आले. ब्युरेट रिकामी केली, नळ काढून फडक्याने कोरडा पुसला, मोहरीएवढं व्हॅसलीन बोटावर घेऊन भोकाच्या अलीकडे-पलीकडे लावलं, भोकात जाऊ दिलं नाही. नळ बसवून फिरवून पाहिला. "घे बाबू, आता एकेक थेंब सोड."

हे मला कोणत्याही वर्गात शिकवलं नव्हतं. तरी सरकारी कागदावर भाऊ 'शिक्षकेतर'. माणूस काय करतो हे न सांगता काय नाही एवढंच सांगणारा हा शब्द मला मुळीच पटत नाही. आणि माझ्या प्रोजेक्टच्या आभारात प्राचार्य होते, विभागप्रमुख होते, आईबाबा होते, भाऊ नव्हते. त्याची लाज अजून वाटते.

असे न दिसणारे हात पुढेही भेटले. 2016 साली गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. 2020 मध्ये कोरोनाचे नमुने सुरुवातीला नागपूरला जात, पुढे तपासणी इथेच होऊ लागली. आपल्या हाती यायचा तो 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' एवढा एक शब्द. त्यामागे पीपीई किटमध्ये घामाने निथळणारा तंत्रज्ञ असे. घशातल्या स्रावातून आरएनए वेगळा काढायचा, पिपेटने मायक्रोलिटरच्या हिशेबाने थेंब सोडायचे. एक थेंब शेजारच्या खाचेत उडाला तर निरोगी माणूस रुग्ण ठरणार. असा हात बसायला वर्षं लागतात.

20 फेब्रुवारी 2023 पासून राज्यातल्या विद्यापीठांतले आणि महाविद्यालयांतले शिक्षकेतर कर्मचारी बेमुदत संपावर गेले, तेव्हा ओरड झाली ती परीक्षांची. रिक्त पदं भरा, ठरावीक सेवेनंतर वरचं वेतन देणारी आश्वासित प्रगती योजना लागू करा, या त्यांच्या मागण्यांवर कोण बोललं? लाखोंचं यंत्र येतं, उद्घाटनाची फीत कापली जाते, आणि चालवणारा नसल्याने त्याच यंत्रावर कापड पडतं. यंत्राच्या खरेदीबरोबरच ते चालवणाऱ्याचं पद मंजूर झालं पाहिजे, आणि ते भरलंही पाहिजे.

अशा माणसाचं नाव छापण्याचं म्हणाल तर त्याचा दाखला आपल्याच देशात आहे. कोलकात्यात सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत आशुतोष डे हे सहायक होते. कॉलेजची पायरीही न चढलेले. 1919 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात कंपनसंख्या मोजण्याच्या नव्या पद्धतीवर शोधनिबंध छापून आला, तो एकट्या डे यांच्या नावाने. रामन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली.

1919 मध्ये जे झालं, ते आज आमच्या विद्यापीठात व्हायला कोणाची हरकत आहे? या वर्षी प्रबंध सादर करणाऱ्यांनी आभाराचं पान बांधणीला देण्याआधी एकदा प्रयोगशाळेत जावं, आणि भाऊंना त्यांचं पूर्ण नाव विचारून यावं. आडनावासकट.