गोलातली माणसं

आमच्या सोसायटीत कमिटीवर कोणी निवडून येत नाही, सापडतो. वार्षिक सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय’ निघाले तेव्हा मी वडापावच्या रांगेत होतो. परत येऊन बसेपर्यंत सहसचिव झालो होतो. या पदाला पगार नाही, खुर्ची नाही. मात्र टॉवरमधल्या यच्चयावत सभासदांचे नंबर फोनमध्ये सेव्ह करावे लागतात, आणि मग प्रत्येकाचा डीपी बघणं ओघानेच येतं.

पूर्वी ही वेळ आली नसती. मुलुंड पूर्वेला आमची जुनी तीन मजली इमारत होती, दारं दिवसभर उघडी. कोणाकडे बोंबील तळले जाताहेत, कोणाचा जावई रुसलाय, कोणाच्या मुलाला गणितात किती पडले, हे जिना चढता चढता कळायचं. मग पुनर्विकास झाला. बावीस मजले उभे राहिले, दाराला अंगठ्याने उघडणारं कुलूप आलं आणि शेजारी फोनमधल्या गोलात राहायला गेला. लिफ्टमध्ये समोर उभ्या असलेल्या बाईंचं नाव मला ठाऊक नसतं. घरी येऊन ग्रुप उघडला, फ्लॅट नंबर जुळवला, की उलगडा होतो: अरे, या तर जास्वंद!

लोकांना वाटतं, डीपी बघून माणूस कळतो. कळत नाही. फोटोत कोण आहे हा प्रश्नच चुकीचा आहे. तो कोणासाठी लावलाय ते विचारायचं. प्रत्येक डीपीवर एक पत्ता असतो. तो कोणा एकाच्या नजरेला पडावा म्हणून लावलेला असतो, बाकीचे दोनशे जण तो फक्त जाता-येता बघतात.

आता सातव्या मजल्यावरच्या वहिनी घ्या. डीपीत मुलगा: काळा झगा, चौकोनी टोपी, मागे अमेरिकेतल्या विद्यापीठाची लाल विटांची इमारत. आम्हाला वाटलं, आईचं कौतुक. तसं ते होतंच, पण पत्ता बोरिवलीचा होता. तिथे जाऊबाई राहतात. जाऊबाईंनी आठवडा उलटायच्या आत उत्तर दिलं: नवी गाडी, बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. मग मुलुंडहून नायगारा गेला. बोरिवलीहून वास्तुशांत आली. दोघी फोनवर एकमेकींना ‘जेवलात का’ विचारतात, हळदीकुंकवाला आवर्जून जातात, वाण नीट निवडून देतात. लढाई फक्त गोलात. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे व्हायचे तेव्हा होतील. मुलुंड-बोरिवली दळणवळण या दोघींनी केव्हाच चालू केलेलं आहे.

नायगाऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्या टॉवरमध्ये निदान अर्धा डझन नायगारे आहेत. चित्र एकच. प्लास्टिकच्या रेनकोटात दोन माणसं, चेहऱ्यावर तुषार, मागे सगळं पांढरं. ती माणसं नक्की आपलीच आहेत का, याची खात्री त्यांच्या मुलांनाही देता यायची नाही. मात्र रेनकोटाचा रंग बघून ठेवावा. अमेरिकेच्या बाजूने जाणाऱ्या बोटीवर निळा देतात, कॅनडाच्या बाजूला लाल. त्यामुळे निळा असेल तर मुलगा न्यू जर्सीकडे आणि लाल असेल तर टोरांटोला, इतपत वाचन मला आता जमू लागलंय. अशाच एका जोडप्याने आयुष्य मुलुंडमध्ये काढलं, पण पलीकडच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीला पावसाळ्यात एकदाही पाय ठेवला नाही. का, तर ‘तिथे फार निसरडं असतं बाई.’

पुरुषांच्या डीपीचं शास्त्र वेगळं आहे. पन्नाशी उलटलेला मराठी पुरुष स्वतःचा फोटो मुद्दाम काढून घेत नाही. तो दुसऱ्याच्या लग्नातून कापून आणतो. त्यामुळे डोक्यावर फेटा असतो आणि खांद्यावर कोणाचा तरी हात असतो. मनगटापर्यंतच. आमच्या खजिनदारांच्या खांद्यावर तर बांगड्या घातलेला हात आहे आणि तो काकूंचा नाही, हे काकूंनीच मला सांगितलं. ‘विहीणबाईंचा आहे,’ त्या म्हणाल्या, ‘पण त्या फोटोत यांचं पोट दिसत नाही ना, म्हणून ठेवलाय.’ फेट्याचं कारणही तेच. तो टक्कल झाकतो, उंची वाढवतो आणि माणूस कोणत्याही क्षणी ऐतिहासिक बोलू लागेल असा भास निर्माण करतो. पत्ता? शाळेचा ग्रुप. दहावी ‘ब’ची बॅच चाळीस वर्षांनी पुन्हा भेटली आहे आणि तिच्यात एक विशिष्ट मुलगी आहे. तिचा डीपी सूर्यास्ताचा आहे. तिलाही शाळेचा ग्रुप आहेच.

लग्न ठरवण्याच्या मोसमात डीपीवर जेवढा विचार होतो तेवढा पत्रिकेवर होत नसेल. स्थळ आलं की मुलीची आई आधी मुलाच्या आईचा नंबर सेव्ह करते. बोलायचं काही नसतं, बघायचं असतं. डीपी बघितला की नंबर काढून टाकते. हे मुलाच्या आईलाही ठाऊक असतं, कारण तिनेही परवा तेच केलेलं असतं. म्हणून त्या मोसमात दोन्हीकडे पैठण्या दिसतात. घोळ होतो तो वडिलांच्या बाजूने. घाटकोपरच्या एका घरी सगळं जमत आलं होतं, आणि मुलाच्या वडिलांचा डीपी निघाला अलिबागच्या रिसॉर्टमधला: अर्धी चड्डी, गॉगल, हातात ग्लास. ‘कोकम सरबत आहे हो ते,’ असा खुलासा मध्यस्थाने तीनदा केला. तीनदा केला म्हणूनच कोणाला पटला नाही.

देवाच्या डीपीचा पत्ता कोणता, यावर मी बराच काळ अडलो होतो. तो प्रश्न आमच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याने सोडवला. त्याच्या डीपीत अक्कलकोटचे स्वामी समर्थ आहेत. गच्ची पुन्हा गळायला लागली म्हणून मी तावातावाने फोन लावतो, तर पडद्यावर आधी स्वामी येतात, थेट माझ्याकडे बघत. माझा आवाज आपोआप खाली येतो. ‘जरा वेळ मिळेल तेव्हा बघून जा’ एवढंच म्हणून मी फोन ठेवतो आणि बादली पुन्हा गळतीखाली सरकवतो. तो पत्ता सरळ माझा होता.

देव असा चेहऱ्यानिशी घरोघर पोचला, त्यात आमच्या बाजूच्या एका उपनगराचाही थोडा हात आहे, हे मात्र मी अभिमानाने सांगतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. तो काही काळ घाटकोपरला होता. पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी आणि सरस्वती यांची रंगीत चित्रं त्या छापखान्यातून निघाली आणि ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्याही भिंतीवर जाऊन बसली. आज घाटकोपर स्टेशनात मेट्रोचा आणि लोकलचा लोंढा एकमेकांत घुसतो, तेव्हा त्या चेंगराचेंगरीत कितीतरी फोनांमध्ये लक्ष्मी असते. ती माहेरच्या स्टेशनावरून रोज जाते आणि तिला उतरायला मिळत नाही.

मारुतीचं प्रकरण अलीकडचं. केशरी-काळ्या रंगातला तो करड्या नजरेचा हनुमान २०१५ साली कासरगोडकडच्या करण आचार्य नावाच्या तरुण चित्रकाराने काढला. तिथून तो गाड्यांच्या मागच्या काचांवर आला आणि काचांवरून डीपीत शिरला. लोक त्याला रागावलेला मारुती म्हणतात. चित्रकाराचं म्हणणं, तो रागावलेला नाही, त्याच्यात रुबाब आहे. आमच्या बी विंगमधल्या जिमवाल्या मुलाने मात्र तो रागावलेलाच म्हणून लावलाय. त्याच्या पार्किंगमध्ये कोणीतरी रोज स्कूटर लावतं.

चित्रं आणि माणसं यांची गल्लत नवी नाही, आणि ती निस्तरायला कधीकधी इतिहाससंशोधक लागतो. शिवजयंतीला आमचा ग्रुप भगवा होतो, गोलागोलातून महाराज दिसतात; पण एके काळी महाराजांचं म्हणून भलत्याच माणसाचं, इब्राहिम खानाचं, चित्र छापलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी पुराव्यानिशी ती चूक दाखवली आणि १९३३ साली महाराजांचं अस्सल चित्र लोकांपुढे आणलं. अख्ख्या महाराष्ट्राने चित्र बदललं. आमच्या ग्रुपच्या आयकॉनवर अजून पाडलेली जुनी इमारत आहे. ती बदलायचा ठराव दोन सभांमध्ये कोरमअभावी बारगळला.

सगळ्यांचा पत्ता एक झाला तर काय होतं, तेही आम्ही पाहिलं. २०२२ साली स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त पंतप्रधानांनी २ ते १५ ऑगस्ट डीपीला तिरंगा ठेवण्याचं आवाहन केलं. २ ऑगस्ट ही राष्ट्रध्वजाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या पिंगली वेंकय्या यांची जयंती. आमचा टॉवर दुसऱ्याच दिवशी संपूर्ण तिरंगी झाला. अभिमान वाटला. पण चष्मा न लावता फोन वापरणाऱ्यांची पंचाईत झाली. अध्यक्ष, दूधवाला, प्लंबर, इस्त्रीवाला सगळे एकसारखे. अकराव्या मजल्यावरच्या आजींनी दूधवाला समजून अध्यक्षांना कळवलं, ‘भैया, कल से आधा लिटर कम.’ अध्यक्षांनी तिरंग्याआडून उत्तर धाडलं, ‘अर्ज लेखी द्या.’ आजींनी दिलाही. तो सभेच्या कागदपत्रांत आहे. मी जपून ठेवलाय.

नंतर फोटोवरून चित्र बनवून देणाऱ्या एआयची लाट आली. मार्च २०२५ च्या अखेरीस आमचे सभासद एका रात्रीत जपानी झाले: मोठे डोळे, लाल गाल, मागे हिरवी टेकडी. जपानच्या जिब्ली स्टुडिओने हाताने चित्रं काढत जी शैली घडवली, ती आमच्या लिफ्टमनलाही फुकटात मिळाली. खजिनदार तर इतके गोंडस दिसू लागले की थकबाकीची नोटीस त्यांच्याकडून आली तरी कोणी मनावर घेईना. त्याच वर्षी सप्टेंबरात काकू मंडळी शिफॉनच्या काळ्या साडीत, भुरभुरत्या केसांनी, जुन्या सिनेमातल्यासारख्या उभ्या राहिल्या. मुलुंडमध्ये एवढा वारा फक्त फास्ट लोकल प्लॅटफॉर्मवरून न थांबता गेली तरच सुटतो. पण मला ते फोटो आवडले, खरंच. जास्वंदवाल्या बाईंनीही तसा लावला होता. दोन दिवसच. तिसऱ्या दिवशी जास्वंद परत. त्यांच्या दिरांचा फोन आला होता म्हणे.

या सगळ्या थाटात सगळ्यात प्रामाणिक डीपी आमच्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्राचा. रोज सकाळी बदलतो. खडूने लिहिलेली पाटी: आज फरसबी, उद्या अळू. पत्ता सरळ, मजकूर खरा. क्वचित दुपारी अळू संपलेलं असतं, तेवढंच.

आणि मग डीपी नाहीसा होणं. करडा गोल, त्यात खांदे आणि डोकं. याने घराघरांत जेवढी तपासणी होते तेवढी चोरी झाल्यावरही होत नाही. ‘तुला दिसतोय का गं त्यांचा डीपी? मला नाही दिसत.’ म्हणजे ब्लॉक केलं, की स्वतःच काढला, की आपला नंबरच त्यांनी उडवला? पाण्याच्या टँकरवरून झालेल्या सभेनंतर सचिवांचा डीपी ए विंगला दिसेना, बी विंगला दिसत होता. तीन दिवस दोन्ही विंगांचे लोक एकमेकांच्या फोनमध्ये डोकावत होते. टॉवर झाल्यापासून लोक एकमेकांच्या घरी गेले ते त्या वेळी.

नवव्या मजल्यावरचे काका गेल्या पावसाळ्यात गेले. ग्रुपवर हात जोडलेले शंभरेक ठसे उमटले, सगळे भेटून आले. चौदाव्या दिवसानंतर, सकाळी साडेपाचला, ग्रुपवर काकांकडून ‘सुप्रभात’ आलं. उगवता सूर्य, वाफाळता चहा, आणि शेजारी गोलात काका, पॅन कार्डावरचा चेहरा करून. बऱ्याच जणांची झोप उडाली. काकूंकडे स्वतःचा फोन कधीच नव्हता. आता काकांचा त्या वापरतात आणि काकांची सवय त्यांनी मोडली नव्हती, इतकंच.

कमिटीची तातडीची बैठक झाली. एकाने सुचवलं, मयत सभासदाचा नंबर ग्रुपमधून काढायला उपविधी काय म्हणतात ते बघू. उपविधी काहीच म्हणत नव्हते. शेवटी मला पाठवलं. चहा पीत पीत मी विषय काढला, ‘काकू, लोक जरा दचकतात हो. डीपी तेवढा बदलता आला तर...’

‘तेच म्हणतेय मी कधीपासून,’ काकू म्हणाल्या. ‘त्या फोटोत ते फारच रागीट दिसतात. मलाच सकाळी बरं वाटत नाही.’ त्यांनी कपाट उघडून एक अल्बम काढला, माथेरानचा. घोड्यावर काका, मफलर, तोंडभर हसू. मी तो फोटो फोनवर काढून गोलात बसवून दिला.

आता रोज साडेपाचला तो येतो. खजिनदार म्हणतात, हा सुप्रभातला शोभतो. मेन्टेनन्सही काकू वेळेवर भरतात, आणि भरल्याचा निरोपही त्याच नंबरवरून येतो. मी ‘मिळाले, धन्यवाद काका’ असं उत्तर लिहितो.