गाडी बाहेर, बँड आत

ऑकलंड

ती. आईंना सूनबाईचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व कुशल. थंडी आहे, पाऊस आहे आणि त्या पावसात तुमच्या चिरंजिवांची गाडी उभी आहे, कारण गॅरेजमध्ये तुमच्या नातवाने बँड काढला आहे. चौघे आहेत. दोन गिटारी, एक बेस आणि एक ड्रमर. ड्रमरच्या आईने ड्रमकिट स्वतः गाडीतून आणून दिलं, 'इथेच राहू दे' म्हणाली आणि निघताना मागे वळूनही पाहिलं नाही.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पुढे काय?" तुमच्या चिरंजिवांनी 'हॅलो, आवाज तुटतोय' म्हणत फोन सुनेच्या हातात दिला. म्हणून हे पत्र. सुनेने चार दिवस बसून माहिती काढली आहे, आणि पहिलं सांगायचं ते हे, की ही थेरं परदेशात सुरू झालेली नाहीत. तुम्ही मुलुंडला पाण्याच्या वेळा सांभाळत होतात तेव्हाच तुमच्या शहरात हे सगळं सुरू झालं होतं.

1984 साली मुंबईतल्या वेगवेगळ्या बँडमधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी 'रॉक मशीन' काढलं. गिटारवर महेश तिनईकर आणि आफताब करीम, बेसवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस, गायला इयन सँतामारिया. (तिनईकर वाचताच तुम्ही गाव, कूळ आणि मुंबई पालिकेचे माजी आयुक्त तिनईकर यांच्याशी नातं शोधायला घ्याल. आधी पुढचं वाचा.) मग माणसं बदलली. जयेश गांधी आले, गायला उदय बेनेगल आले, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आले. एका बँडमध्ये अख्खं दादर स्टेशन.

तो काळ आठवा. घरात फक्त दूरदर्शन. परदेशी गिटार हवी तर कोणाचा तरी काका आखातातून यायला हवा, नाहीतर देशी गिव्सनवर बोटं सोलून घ्यायची. कार्यक्रम मिळायचे ते कॉलेजांच्या महोत्सवांत, आणि तिथली पोरं ओरडायची ती डीप पर्पलच्या नाहीतर लेड झेपेलिनच्या गाण्यांसाठी. स्वतःचं गाणं सुरू केलं की तीच पोरं वडापाव खायला उठायची. अशा वातावरणात रॉक मशीनने 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांचा 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा अल्बम काढला, 1990 मध्ये दुसरा. 1993 मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. 1995 मध्ये त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीचा प्रेक्षकपसंतीचा आशियाई पुरस्कार मिळाला. लोक त्या पुरस्काराचं कौतुक करतात. तुमच्या सुनेच्या मते खरी हिंमत 1988 ची, कारण तेव्हा अशी गाणी दाखवायला देशात एमटीव्हीच नव्हता. 1997 मध्ये बँड मोडला, 2010 मध्ये परत जमला आणि 2012 मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. मधली तेरा वर्षं 'पुढे काय' हा प्रश्न त्यांच्या घरच्यांनीही विचारला असेलच.

पण आई, मुंबईत बँड भांडणाने कमी आणि जागेने जास्त मोडतात, असं सुनेचं ठाम मत झालं आहे. गॅरेज नाही. वन-रूम-किचनमध्ये ड्रम लावायचे तर झोपायचं कुठे? मग तासावर जॅम रूम घ्यायची, चौघांनी पैसे काढायचे आणि चौथ्याने 'पुढच्या वेळी देतो' म्हणायचं. त्यात गिटारवाला बोरिवलीचा आणि ड्रमर घाटकोपरचा असला की संपलंच. एक पश्चिम रेल्वेवर, दुसरा मध्य रेल्वेवर. संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये गिटार घेऊन चढून पाहा. दादरला बदला, नाहीतर अंधेरीहून 340 नंबरची बस धरून साकीनाक्याला अडका. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली ती जून 2014 मध्ये, तोवर किती बँड साकीनाक्यालाच विरघळले असतील!

वाजवायची जागा मिळवणं त्याहून कठीण. धोबीतलावच्या रंगभवनात फरहाद वाडियांचा 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सव व्हायचा. नव्या बँडला तिथे चढायला मिळालं की जन्म सार्थकी. मग 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र, आणि रंगभवनाच्या आसपास हे सगळंच आहे. रंगभवन गप्प झालं. पुढे तो महोत्सव उपनगरात, अंधेरीच्या चित्रकूट मैदानात आला. जुहूला 'रॅझबेरी ऱ्हायनोसेरस' हा क्लब होता, पवईला आयआयटीच्या 'मूड इंडिगो'तली बँडची स्पर्धा होती. अंधेरीच्याच क्रीडा संकुलात 1 नोव्हेंबर 1996 ला मायकल जॅक्सन नाचून गेला, पण त्याला आणणारी शिव उद्योग सेना होती आणि तो आधी 'मातोश्री'वर जाऊन आला होता. इतकी ओळख बोरिवलीच्या पोरांकडे कुठून असणार?

आता नावांबद्दल. नातवाच्या बँडचं नाव अजून ठरलेलं नाही आणि जी नावं फळ्यावर लिहिली आहेत ती पत्रात लिहिण्यासारखी नाहीत. पण मुंबईत 2003 मध्ये निघालेल्या एका बँडचं नाव 'भयानक मौत' आहे, हे वाचून मन घट्ट करा. 2000 मध्ये साहिल मखिजा या मुलाने 'डिमॉनिक रिझरेक्शन' काढलं. अर्थ सांगत नाही, देवघराजवळ पत्र वाचत असाल. कोणतीच कंपनी विचारेना तेव्हा त्याने स्वतःचीच रेकॉर्ड कंपनी काढली, आणि 2014 मध्ये हा बँड जर्मनीतल्या वाकेनच्या मोठ्या महोत्सवात वाजवून आला. आणि हाच मुलगा यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' नावाचा स्वयंपाकाचा कार्यक्रम करतो! म्हणजे घशातून राक्षस काढणारा मुलगा वजन-मापाने पनीर करून दाखवतो. तुमच्या नातवाला अजून कुकरची शिटी मोजता येत नाही, हे या पार्श्वभूमीवर जास्त गंभीर आहे.

न्यूझीलंडचा धागाही आहे. मुंबईच्या 'झीरो' या बँडचा गिटारवादक वॉरन मेंडोन्सा (शंकर-एहसान-लॉयमधल्या लॉय यांचा पुतण्या) इकडे येऊन राहिला आणि 2007 मध्ये 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' नावाने त्याने नुसत्या वाद्यांचा अल्बम काढला. एकही शब्द नाही. तुम्हाला आवडेल, दुपारी पडल्या पडल्या ऐकता येतो. आणि खुद्द या देशात, दक्षिणेकडच्या डनिडन गावात 1978 मध्ये किलगोर आडनावाच्या दोघा भावांनी 'द क्लीन' काढला. 1981 मध्ये त्यांनी 60 डॉलरमध्ये एक गाणं रेकॉर्ड केलं, 'फ्लाइंग नन' नावाच्या नवख्या कंपनीने ते बाजारात आणलं आणि ते देशाच्या यादीत 19 व्या क्रमांकावर गेलं. ही गोष्ट सुनेने मुद्दाम जेवताना सांगितली. नातवाने तेवढ्यातच तेवढ्याच किमतीच्या तारा मागितल्या.

पण खरं सांगू? एवढी नावं वाचताना सुनेला सारखी तुमच्या मागच्या गल्लीतली बेंजो पार्टी आठवत होती. वर्गणी काढून घेतलेला बेंजो, कर्कश कर्णे, जुलैपासून तालीम, गणपतीत आणि हळदीला सुपारी, उरलेलं वर्ष नोकरी. कंपनी नाही, मॅनेजर नाही, कोणाची परवानगी नाही. रवी जाधवांनी 2016 मध्ये रितेश देशमुखला घेऊन अशा पार्ट्यांवर 'बँजो' चित्रपट काढला तेव्हा कुठे शहराचं तिकडे लक्ष गेलं. स्वतंत्र बँड म्हणायचं तर उपनगरात पहिला मान त्यांचा.

इथे आवाजाची तक्रार कशी होते तेही ऐका. शेजारी गॅलरीतून ओरडत नाहीत, फोन करतात. मग एक सभ्य माणूस येतो, फुटपाथवर उभा राहून ऐकतो आणि हातात कागद देतो. त्यानंतर 72 तास आवाज वाढला तर तो अ‍ॅम्प उचलून नेऊ शकतो. परवा तो आला. तुमच्या चिरंजिवांनी त्याला चहा दिला आणि अतिशय आशेने विचारलं, "आजच न्याल का?" त्याने आधी कागद द्यावा लागतो असं सांगितलं.

डिसेंबरमध्ये सगळे येतो आहोत. बँडही म्हणतो आहे. गच्चीवर एक संध्याकाळ वाजवायचं त्यांच्या मनात आहे, तर सेक्रेटरींच्या कानावर घालून ठेवा. रात्री दहानंतर स्पीकर बंद हे नातवाला माहीत आहे, आणि त्यांची स्वतःची गाणी सध्या दोनच असल्यामुळे तशी वेळ येणार नाही. तुमच्या भजनी मंडळाला मात्र त्यांच्या आधी बसवा. नंतर बसवलंत तर तबला कोणाला ऐकू येणार नाही.

काळजी घ्या. गुडघ्याचं तेल पाठवलं आहे.

तुमची,
सूनबाई