हल्ला सक्तीचा, खर्च ऐच्छिक

पोवाड्यात तलवारी लखलखतात, पण घोड्यांच्या वैरणीचे पैसे कुणी दिले हे शाहीर सांगत नाही. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचे नियम लिहिणाऱ्यांना ही सवलत मिळाली नाही. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ 1993 साली बाजारात आला, तेव्हा पहिल्याच संचात जगरनॉट नावाचे एक धूड होते. चार मॅना मोजले की पाच ताकदीचे हे यंत्र तुमच्या बाजूने उभे राहते. अट एवढीच की शक्य असल्यास दर लढाईत त्याने हल्ला केलाच पाहिजे. मॅना हे या खेळातले चलन. ते बहुतेक वेळा जमिनीच्या पत्त्यांतून निघते आणि गरजेच्या वेळी हटकून कमी पडते. पुढे 1997 साली प्रोपगंडा हा पत्ता आला. तो ज्याच्यापुढे मांडलेला असेल त्याच्यावर चालून जायचे, तर हल्ला करणाऱ्या प्रत्येक प्राण्यामागे दोन मॅना टाकावे लागतात. थोडक्यात, टोलनाका. 2004 साली आलेल्या घोस्टली प्रिझननेही तोच दर कायम ठेवला. आता जगरनॉटला मागून हुकूम आहे की नीघ, आणि पुढे दांडा आडवा आहे. मालकाकडे मॅना आहे. त्याने टोल भरलाच पाहिजे का?

अडीचशेहून अधिक पानांची नियमावली 508 व्या कलमात सांगते: नाही. भरावासा वाटला तर भरा, नाहीतर जगरनॉटला घरी बसवा, दोन्ही कायदेशीर. तीन प्राण्यांवर सक्ती असेल तर एकाचाच टोल भरून दोघांना मागे ठेवले तरी चालते. अर्धा टोल भरून अर्धा प्राणी पलीकडे नेणे मात्र मंजूर नाही. एवढ्या जाडजूड ग्रंथात याहून शहाणा निर्णय मला तरी दिसत नाही. सक्ती प्राण्यावर आहे, मालकाच्या खिशावर नाही.

यावर काटेकोर मंडळी हरकत घेतात. पत्त्यावर ‘शक्य असल्यास’ असे छापले आहे, मालकाकडे दोन मॅना आहेत, म्हणजे हल्ला शक्य आहे; मग ही पळवाट कशाला? हरकत वरवर बिनतोड वाटते. पण ती मान्य केली तर काय काय मान्य करावे लागेल ते पाहा. शक्य आहे की नाही हे ठरवायला पंचाला मालकाची पूर्ण झडती घ्यावी लागेल. सिमियन स्पिरिट गाइड हा माकडाचा पत्ता हातातूनच खेळाबाहेर काढला की एक लाल मॅना मिळतो. म्हणजे समोर जमिनीचा एकच पत्ता असलेला माणूस खरोखर गरीब आहे, की हातात माकड लपवून गरिबी मिरवतो आहे, हे कळायला त्याचे पत्ते उघडे करावे लागतील. पत्त्यांच्या खेळात हात उघडायला लावणे म्हणजे खेळच बंद करणे. त्याहून भयंकर प्रकार 2011 सालच्या नॉर्न्स अॅनेक्सचा. त्याचा टोल एक पांढरा मॅना, आणि तो नसेल तर आयुष्याचे दोन गुण. समजा, एखाद्याचे दोनच गुण उरले आहेत आणि त्याच्या प्राण्यावर सक्ती आहे. हरकतवाल्यांच्या न्यायाने त्याने ते दोन्ही गुण भरावेत, जागच्या जागी मरावे आणि हल्ला झाल्याचे समाधान मानावे. इतकी कर्तव्यदक्षता मी तरी पत्त्यांकडून मागणार नाही.

दुसरी हरकत जास्त मनावर घेण्यासारखी आहे. जगरनॉट स्वस्तात मिळतो तो या सक्तीच्या बदल्यात. टोल टाळायची मुभा दिली की सौद्यातला तोटा गळतो आणि भित्र्याला आयते निमित्त मिळते. निमित्त मिळते हे खरे, पण फार अरुंद मिळते. सूट फक्त टोलच्या रस्त्यापुरती आहे. फुकटचा रस्ता मोकळा असेल तर जावेच लागते. आणि असे रस्ते निघतात. प्लेन्सवॉकर नावाचे पत्ते 2007 साली आले. त्यांच्यावरही हल्ला करता येतो. प्रोपगंडा त्याच्या दहा वर्षे आधीचा. त्यामुळे त्याचा मजकूर फक्त मालकाचे रक्षण करतो, प्लेन्सवॉकरचा त्यात पत्ताच नाही. मालकाने शेजारी प्लेन्सवॉकर मांडला की जगरनॉटला विनाखर्च वाट सापडते, आणि मग त्याला तिथे आदळणे भागच असते. यजमान सुरक्षित, मार पाहुण्याला! नॉर्न्स अॅनेक्स लिहिणाऱ्यांनी ही फट ओळखून प्लेन्सवॉकरलाही नाक्याच्या आत घेतले.

खरी गंमत चौघांच्या डावात येते. कमांडर या प्रकारात सहसा चार खेळाडू बसतात, आणि 2016 पासून तिथे ‘गोड’ नावाची चिथावणी चालते. नावावर जाऊ नका, चवीला ती कडूच आहे. डिवचलेल्या प्राण्याने शक्य असल्यास हल्ला करायचा, आणि शक्य असल्यास चिथावणाऱ्याला सोडून दुसऱ्या कुणावर करायचा. इथे हुकूम दोन आहेत हे विसरणारा फसतो. उरलेल्या दोघांच्या दारात प्रोपगंडा असेल आणि प्राण्याचा मालक टोल भरायला तयार नसेल, तर दुसरा हुकूम गळून पडतो. पहिला शिल्लक राहतो, आणि फुकटचा एकमेव रस्ता थेट चिथावणाऱ्याच्या दारात जातो. म्हणून जाणते खेळाडू आधी स्वतःच्या दारात नाका बसवतात आणि मगच दुसऱ्याचा प्राणी डिवचतात. चौघांनीही हीच अक्कल दाखवली, तर कुणावरच जाण्याची सक्ती उरत नाही; डाव तास-दोन तास लांबतो आणि डिवचलेला प्राणी मालकाच्या बाजूला निवांत उभा राहतो.