आजोबांच्या ट्रंकेतून खुनी कसा काढावा

आजचा खून आणि युद्धकाळातलं घराणं यांची सांगड घालणारी कादंबरी लिहायची, तर आपले होतकरू लेखक थेट नॉर्मंडीचा किनारा गाठतात. इतकं लांब जायचं कारण नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारनंतर मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपं आणि शिवाय सोन्याच्या विटा. एका प्रकरणात एवढं सामान कोंबलं, तर संपादक हस्तलिखित साभार परत करेल. इथे ते एका जहाजात होतं.

१. मुडदा. तो पुनर्विकासाला निघालेल्या चाळीत पाडावा. बिल्डर, पागडीचा भाडेकरू, ताबा न सोडणारी विधवा आणि मुखत्यारपत्र पाठवून मोकळा झालेला न्यू जर्सीचा वारस, असे चार संशयित फुकटात मिळतात. चाळ मांडवीच्या बाजूची असावी. स्फोटाची आग त्या वस्तीत शिरली होती, त्यामुळे कुणाचं काय जळालं आणि कुणी काय जळालं म्हणून सांगितलं, हा घोळ आयता हाती येतो.

२. वयाचा हिशेब. १९४४ साली विशीत असलेला खुनी आज शंभरी ओलांडून बसला आहे. त्याला तिसऱ्या मजल्यावर चढवायचं, तर चाळीला आधी लिफ्ट बसवावी लागेल. नॉर्वेच्या जो नेस्बोची ‘द रेडब्रेस्ट’ २००० साली आली. तिच्यात जर्मनांच्या बाजूने लेनिनग्राडच्या आघाडीवर लढलेले म्हातारे आहेत, आणि तेव्हा ते अजून हिंडतेफिरते होते. तेव्हा एकतर कथानक १९९० च्या दशकात न्यावं (मोबाइलचीही कटकट टळते), नाहीतर सूड नातवाच्या गळ्यात मारावा.

३. ट्रंक. माळ्यावरच्या खऱ्या ट्रंकेत भाडेपावत्या, कुणाच्यातरी मुंजीच्या पत्रिका आणि डांबरगोळ्या निघतात. कादंबरीतल्या ट्रंकेत एकच पत्र निघतं आणि तेही सुवाच्य. थोडी अब्रू राखायची असेल, तर सेन्सॉर वापरा. या स्फोटाची बातमी बाहेर पाठवायला वार्ताहरांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत परवानगी नव्हती. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र ती दुसऱ्याच दिवशी सांगून टाकली. म्हणून ट्रंकेत लंडनच्या वर्तमानपत्राचं १५ एप्रिलचं सविस्तर कात्रण सापडलं, की सब-इन्स्पेक्टरने शांतपणे म्हणावं, “हे बनावट आहे.” वाचक खूश होतो.

४. सोनं. इथे सत्य कादंबरीच्या मुळावर येतं. विटा साधारण पावणेतेरा किलोच्या होत्या, काही स्फोटाबरोबर दूरवर उडाल्या, गोदीतला गाळ उपसताना सत्तरच्या दशकापर्यंत सापडत राहिल्या आणि बहुतेक सगळ्या सरकारजमा झाल्या. तुम्ही फक्त ‘बहुतेक’ हा शब्द अधोरेखित करावा. पुढची तीनशे पानं त्यावर निभावतात. जपानी हेर मात्र आणू नये. घातपाताचा संशय होता, पण चौकशीत तसा पुरावा मिळाला नाही. दारूगोळ्याशेजारी कापूस रचायला हेर लागत नाही, आणि जहाजाच्या कप्तानाने त्याबद्दल आधीच निषेध नोंदवला होता.

५. आजोबा. हा सगळ्यात अवघड भाग. त्या दिवशी अग्निशमन दलाचे साठाहून अधिक जवान मेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. पण घराघरांत चौकशी केली, तर प्रत्येकाचे आजोबा आगीत उडी घेऊन माणसं वाचवत होते. साठेबाजी करणारे, रेशनची साखर मागच्या दाराने विकणारे आणि ढिगाऱ्यात हात घालणारे आजोबा कुणाचेच नव्हते. ते बहुधा अविवाहित वारले. चौकशीचा प्रसंग साधारण असा लिहावा:

“आजी, चौदा तारखेला आजोबा गोदीत होते ना?”

“होते तर! चार जणांना खांद्यावर घालून आणलं त्यांनी.”

“कारकून होते. पगार साठ रुपये. मग पंचेचाळीस साली पुण्यात बंगला कशातून झाला?”

“साहेब, चहात साखर किती घालू?”

खून इथे उलगडला. बंदूक, विष, ठसे यांची गरज उरत नाही. धाडस लागतं ते पुढचं वाक्य लिहायला, कारण मराठी लेखक याच जागी घाबरतो आणि चोरी घरच्या गड्यावर किंवा मेलेल्या गोऱ्या साहेबावर ढकलतो. तसं केलंत, तर तुम्ही रहस्यकथा लिहिली नाही, घराण्याचा गौरवग्रंथ लिहिला.

६. प्रकाशन. पहिल्या पानावर ‘सर्व पात्रे काल्पनिक’ असं छापावं. त्याने कोर्टात उपयोग झाला तर झाला. नातेवाइकांवर उपयोग शून्य. ते कादंबरी वाचत नाहीत, थेट बंगल्याच्या वर्णनाचं पान काढतात आणि जिना उजवीकडे आहे की डावीकडे, एवढं बघून वकिलाला फोन लावतात. जिना डावीकडे लिहावा.