पत्रिका नक्की फायनल

ज्या घरात लग्न ठरलंय तिथला कॉम्प्युटर उघडून पाहावा. पत्रिकेचा एकच मजकूर 'पत्रिका', 'पत्रिका फायनल', 'पत्रिका नक्की फायनल', 'पत्रिका आत्याचं नाव घालून' आणि 'हीच छापायची' अशा नावांनी नांदत असतो, आणि छापखान्यात गेलेली असते दुसरी. यावरून आपल्याला शिस्त नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. जुनं काही टाकायचं नाही, ही शिस्त आपल्यात जरा जास्तच आहे. फक्त इतिहास लिहायला आपण फाइलचं नाव ही जागा निवडली, आणि ती फार अपुरी. इतिहास ठेवणारच आहोत, तर तो गिटकडे, म्हणजे फाइलींमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रोग्रामकडे द्यावा, एवढंच माझं म्हणणं.

गिट हे लिनस टोरवाल्ड्सने 2005 साली लिनक्सच्या कर्नलसाठी लिहिलं. तोवर त्याच कामासाठी वापरात असलेल्या बिटकीपरचा फुकट वापर बंद झाला होता. जगभर पांगलेल्या प्रोग्रामरांसाठी घडवलेलं हत्यार पत्रिकेवर कशाला चालवायचं, असं कोणी विचारेल. विचारणाऱ्याने पत्रिकेतल्या नावांचा क्रम ठरवणारे नातेवाईक पाहिलेले नसावेत. गिटमध्ये प्रत्येक कमिटबरोबर, म्हणजे बदलाच्या नोंदीबरोबर, तारीख, करणाऱ्याचं नाव आणि कारण नोंदलं जातं, आणि 'गिट ब्लेम' म्हटलं की प्रत्येक ओळ शेवटी कोणी, कधी बदलली ते समोर येतं. हाउसिंग सोसायटीच्या इतिवृत्ताला हे लावलं तर वार्षिक सभा अर्ध्या तासात संपेल, किंवा संपणारच नाही. अर्थात नाव आपण सांगू तेच लिहून घेतलं जातं. गिट आधार कार्ड मागत नाही.

मग उत्साहाच्या भरात माणूस अख्खा कॉम्प्युटरच गिटमध्ये घालायला निघतो. इथे मात्र मी विरोधकांच्या बाजूचा. साध्या मजकुरातला फरक गिट ओळीगणिक दाखवतं, पण वर्डची फाइल आतून झिपच असल्याने तिच्याबद्दल एरवी 'बदलली' यापलीकडे बोलत नाही. हळदीचे व्हिडिओ घातले तर ते पुढे पुसले तरी इतिहासात राहतात आणि प्रत्येक क्लोनबरोबर, म्हणजे पूर्ण नकलेबरोबर, फिरतात. हाच नियम पासवर्डच्या फाइललाही लागू, आणि तिथे तो जास्त महागात पडतो. फाइल चालवता येते की नाही एवढं सोडलं तर तिच्या परवानग्या गिट लक्षात ठेवत नाही, म्हणून लिनक्सवर सगळ्या सेटिंग्जची 'ईटीसी' ही डिरेक्टरी सांभाळायला 'ईटीसीकीपर' लागतो. रिकामी फोल्डरं तर गिटच्या खिजगणतीतच नाहीत. 'न्यू फोल्डर (7)' चा इतिहास बुडाला म्हणून कोणी सुतक पाळणार नाही. तेव्हा हाताने लिहिलेलं आत, यंत्राने बनवलेलं, अवजड किंवा गुपित असलेलं बाहेर. बाहेरच्यांची यादी 'गिटइग्नोर' नावाच्या फाइलमध्ये.

आळसाचा आक्षेप खरा आहे. कारणाच्या जागी लोक 'बदल', 'पुन्हा बदल' असंच लिहिणार. लिहू देत. दोन नोंदींमधला फरक गिट स्वतः काढून दाखवतं, त्याला आपल्या गद्याची गरज नाही. बॅकअपचा आक्षेप अधिक वजनदार: सगळा इतिहास त्याच डिस्कवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये असतो, आणि डिस्क गेली की पत्रिकेबरोबर तिचा पुरावाही जातो. तेवढ्यासाठी सगळं दुसऱ्या मशीनवर पाठवावं, म्हणजे पुश करावं लागतं, आणि ते आपणहून होत नाही.